बंबाला किती मार्क?

7 फेब्रुवारी 1904. रविवार असल्यामुळे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची व्यापारी पेठ बंद होती, आणि तिथेच आग लागली. स्थानिक बंब कमी पडू लागले तेव्हा वॉशिंग्टनहून रेल्वेने मदत निघाली. मागोमाग फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कही धावले. माणसं आली, बंब आले, हायड्रंटमध्ये पाणीही होतं. अडलं ते आट्यांपाशी. पाहुण्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटवर बसेनात. आग सुमारे 30 तास जळत राहिली आणि दीड हजारांहून जास्त इमारती गेल्या. नंतर सरकारी मानक संस्थेने देशभरातल्या कपलिंगची मोजदाद केली, तेव्हा त्यांचे 600 हून अधिक प्रकार निघाले!

भरपाई देता देता विमा कंपन्यांचे डोळे उघडले. त्यांची राष्ट्रीय संघटना 1866 पासूनची. तिने आता शहरोशहरी अभियंते पाठवायला सुरुवात केली. पाणी किती, दाब किती, बंब कुठे उभे, घंटा वाजली की कोण उठतं, हे ते बघत. सॅन फ्रान्सिस्को अजून जळून गेलं नाही हेच नवल, अशा अर्थाचा शेरा 1905 च्या अहवालात होता. पुढच्याच एप्रिलमध्ये भूकंपाने तिथले नळ फुटले आणि आगीने शहर खाल्लं.

या पाहण्यांतून 1916 मध्ये शहरांना श्रेणी देणारा तक्ता तयार झाला. त्याचा स्वभाव जुन्या मास्तरांसारखा, फक्त चुका मोजणारा. एकूण 5000 दोषगुण, आणि दर 500 दोषांमागे शहर एक वर्ग खाली. पुढे हे काम 1971 मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस’कडे, म्हणजे आयएसओकडे गेलं. (जीन्सच्या कारखान्यापासून क्लासेसच्या पाटीपर्यंत दिसणारं ते ‘आयएसओ प्रमाणित’ वेगळं.) 1980 मध्ये तक्ता उलटा केला गेला: दोष मोजणं बंद, आता 100 पैकी मार्क. बंबखान्याला 50, पाण्याला 40, आणि आगीची वर्दी घेऊन दल पाठवणाऱ्या यंत्रणेला 10. त्यावरून 1 ते 10 वर्ग. पहिला सर्वोत्तम, दहावा नापास. पहिल्यात बसणारी गावं फारच थोडी. यात एक मार्मिक कलम आहे. पाणी आणि बंबखाना यांच्या गुणांत फार तफावत असेल तर मार्क कापले जातात. पाणी मुबलक पण फेकायला माणसं नाहीत, किंवा माणसं सज्ज पण नळ कोरडे, तर एकाची श्रीमंती दुसऱ्याची गरिबी झाकत नाही.

हे सगळं शेवटी घरमालकाच्या खिशाशी येतं. टेक्सास किंवा न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही विमा उतरवताना बंबखाना पाच मैलांच्या आत आहे का, हायड्रंट हजार फुटांच्या आत आहे का, असे प्रश्न येऊ शकतात. सगळ्याच कंपन्या हा वर्ग वापरत नाहीत, पण पुष्कळशा वापरतात. त्यामुळे वर्ग सुधारला की महापौर बातमी देतात आणि घसरला की बंबखान्याच्या प्रमुखाला सभेत उभं राहावं लागतं.

1980 नंतरचा पहिला मोठा फेरबदल आला तो 2012 च्या आवृत्तीत. 2013 पासून ती लागू होऊ लागली. तोवर बंबखान्यांची मांडणी नकाशावर मोजली जाई: वस्तीपासून दीड मैलात पंपाची गाडी, अडीच मैलांत शिडीची गाडी. आता दलाला प्रत्यक्ष वेळेच्या नोंदी दाखवता येतात. गाडी निघाल्यापासून चार मिनिटांत, दहापैकी नऊ वेळा पोहोचता का? गर्दीच्या रस्त्यावर दीड मैल म्हणजे किती, हे ज्याने पुण्यात गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको.

खेड्यांना वेगळा न्याय मिळाला. हायड्रंटपासून दूर असलेली घरं पूर्वी सहसा नवव्या वर्गात ढकलली जात, मग त्यांचं दल कितीही चांगलं असो. आता अशा घराला दलाच्या वर्गाचा आकडा मिळतो आणि पुढे एक खुणेचं अक्षर लागतं. ज्यांच्याकडे नळ नाहीत ते टँकरच्या फेऱ्यांनीही गुण मिळवू शकतात, पण अट कडक आहे. पहिली गाडी पोहोचल्यापासून पाच मिनिटांत मिनिटाला 250 गॅलन पाणी सुरू झालं पाहिजे आणि धार दोन तास तुटता कामा नये. म्हणजे 1 लाख 13 हजार लिटरच्या जवळपास. टँकरची वाट बघण्यात उन्हाळे काढलेल्या आपल्या गावांना हे ऐकून हसू येईल, की रडू, कोण जाणे.

आणि तिसरा बदल, ज्याचा सर्वात जास्त गाजावाजा झाला: आग लागूच नये म्हणून केलेल्या कामालाही मार्क. नियम करून ते पाळायला लावण्याला 2.2, लोकशिक्षणाला 2.2, आगीच्या कारणांच्या तपासाला 1.1. मिळून साडेपाच. तेही 100 मधले नव्हेत, वरचे. एकूण 105.5 झाले म्हणजे कुणाचेच जुने मार्क कापले गेले नाहीत. दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात तसाच हा प्रकार.

मला ही कंजुषी वाटते. जुन्या लाकडी-सुती सामानाच्या खोलीत आग सर्वत्र भडकायला सुमारे अर्धा तास लागायचा. आजच्या फोम-प्लॅस्टिकच्या दिवाणखान्यात तीच वेळ पाच मिनिटांच्या आत येते, हे अमेरिकेतल्याच प्रयोगशाळेने खोल्या पेटवून दाखवलं आहे. मग चार मिनिटांत पोहोचणारा बंब पाइप जोडेपर्यंत काय उरणार? तरीही बंबांना, माणसांना, नळांना 90 मार्क आणि आग टाळण्याला साडेपाच. पंप मोजता येतो, न लागलेली आग मोजता येत नाही, ही अडचण मान्य आहे. पण ज्या अभियंत्यांनी टँकरच्या धारेचे मिनिटागणिक हिशेब बसवले, त्यांना याचा हिशेब अगदीच जमला नसता असं नाही.

हायड्रंटचे मार्क मात्र दोन ठिकाणी आहेत. आकार आणि बसवणुकीला 3, तपासणी आणि पाण्याच्या चाचणीला 7. आट्यांचं राष्ट्रीय मानक बाल्टिमोरच्या आगीनंतर वर्षभरातच ठरलं होतं. शंभर वर्षांनी, 2004 मध्ये, अमेरिकेतल्या सर्वाधिक वस्तीच्या 48 शहरांची पाहणी झाली. त्यांपैकी 18 शहरांत त्या मानकाचे हायड्रंट होते.