थकवा जात नाही? रक्ताबरोबर थायरॉईडही तपासा

चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई दुपारीच गळून बसली, की वस्तीत आपण म्हणतो, "हिच्या अंगात रक्त नाही." मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पुष्कळदा ते बरोबरच असते. पण गोळ्या घेऊनही थकवा गेला नाही, की कुणी तिला आळशी म्हणते, कुणी अंगारा आणते. दुखणे मात्र तिथेच राहते.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातल्या तांबड्या पेशी प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून हाडांतला मगज रोज नव्या पेशी तयार करतो. त्यासाठी लोह लागते, तसाच हुकूमही लागतो. हा हुकूम म्हणजे हार्मोन. मूत्रपिंडातून येणारे एक हार्मोन मगजाला पेशी बनवायला सांगते. थायरॉईडचे हार्मोन कमी पडले, तरी हे काम मंदावते.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी तिला टीएसएच नावाचे हार्मोन पाठवून कामाला लावते. थायरॉईड मंदावली, की थकवा येतो, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, वजन वाढते, पाळीत रक्त जास्त जाते. रक्ताबरोबर लोहही जाते. म्हणजे एका दुखण्यातून दुसरे उभे राहते.

म्हणून थकवा हटत नसेल, तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर टीएसएचच्या तपासणीचेही विचारावे. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर ते कमी समजतात. टीएसएच वाढलेला असेल, तर बहुधा थायरॉईड कमी पडते आहे. विदर्भातल्या कुटुंबांनी सिकलसेलचीही तपासणी करावी. हा आजार आपल्या समाजात आढळतो आणि केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो बरा होत नाही.

दोन्ही गोळ्या चालू असतील, तर एक गोष्ट लक्षात ठेवू. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. लोहाची गोळी तिच्यानंतर किमान ४ तासांनी. दोन्ही एकत्र घेतल्या, तर थायरॉईडची गोळी अंगी नीट लागत नाही. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

बरे वाटले म्हणून थायरॉईडची गोळी मनाने बंद करू नये. गरोदर बाईने तर मुळीच नाही. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईड हार्मोनवर होते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे. गोळीचे प्रमाण तेव्हा बहुधा वाढवावे लागते.