क्षयाचा जंतू कोणत्या दाराने शिरतो?

शेतात काटा रुतला की बोट सुजते. ही सूज म्हणजे शरीराची लढाईच. रक्तातील ‘पूरक’ प्रथिने जंतूला चिकटतात. पांढऱ्या पेशींवरील ग्राही ती खूण ओळखतात व पेशी जंतूला गिळते. क्षयाचा जंतू लबाड! याच ग्राहींच्या दाराने तो फुप्फुसातील भक्षक पेशीत शिरतो आणि न मरता आतच वाढतो.

कधी ही यंत्रणा आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. अशा एका विकारासाठी ग्राही अडवणारे अवाकोपॅन हे औषध अमेरिकेत २०२१ साली मंजूर झाले.

क्षयावरचा उपाय मात्र इंदुरातही हाताशी आहे. आम्ही घरोघरी सांगतो: दोन आठवडे खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. औषध मोफत मिळते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. आत दडलेला चोर पुन्हा उठतो.