घरी गाणी मुद्रित करायची, तर कोणते यंत्र घ्यावे?



गेल्या वर्षी माझी मोठी बहीण लोदहून आमच्याकडे सिंगापूरला आली होती. आमची आई मलिद्याला आणि मेंदीला जी गाणी म्हणायची, ती आता तिच्याखेरीज कोणाला येत नाहीत. मी लॅपटॉप समोर ठेवला, ती तासभर गायली. ती परत गेल्यावर ऐकते, तर जिथे तिने सूर लांबवला, तिथे तिथे आवाज पाण्यात बुडाल्यासारखा! मुलगा म्हणाला, "आई, हे बोलण्यासाठी केलेलं असतं. लांब, एकसारखा सूर म्हणजे पंख्याची घरघर समजून ते दाबून टाकतं." लगेच ऐकून पाहिले नाही, ही चूक माझीच. सुक्कोथनंतर ती पुन्हा येणार आहे. तिचे वय ८४. म्हणून या वेळी मी आधी अभ्यास केला.

मायक्रोफोन आवाजाची अगदी क्षीण वीज करतो. संगणकाला मात्र फक्त आकडे कळतात. ती वीज वाढवून तिचे आकडे करणारी छोटी डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. ती यूएसबी वायरीने संगणकाला जोडतात.

या शहराचे आणि संगणकाच्या आवाजाचे नाते जुने आहे. सिम वोंग हू यांनी १९८१ साली येथे क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. तिचे १९८९ सालचे साउंड ब्लास्टर कार्ड जगभर गेले. पण अशी कार्डे मुख्यतः ऐकण्यासाठी असतात. आपल्याला आवाज नीट आत घेणारी डबी हवी. वॉटरलू स्ट्रीटवरच्या आपल्या मागेन आबोथ सिनेगॉगपासून सिम लिम स्क्वेअरचा इलेक्ट्रॉनिक बाजार चालत जाण्याइतकाच दूर. तेथे जाताना मी पुढील गोष्टी चिठ्ठीवर लिहून नेल्या.

१. मायक्रोफोनसाठी तीन पिनांची दोन भोके असावीत. एक गाणारीसाठी, दुसरे साथीसाठी किंवा मधे प्रश्न विचारणाऱ्यासाठी. आठ भोकांची डबी बँडवाल्यांना लागते, आपल्याला नाही.

२. ४८ व्होल्टचे बटण असावे. कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला ही वीज लागते. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनला लागत नाही. घरच्या खोलीत हा साधाच बरा, कारण तो जवळचा आवाज घेतो आणि रस्त्याचा कमी घेतो. तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा.

३. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ पुरे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू येते आणि नोंदी त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त लागतात. १९२ च्या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. २४ बिटचा फायदा मात्र खरा आहे. आवाजाची पातळी कमी ठेवली, तरी बारकावे जात नाहीत. बहिणीने अचानक वरची पट्टी लावली, तर आवाज फाटत नाही. लाल दिवा कधीही लागू देऊ नये.

४. हेडफोनचे भोक असावे आणि आपला आवाज थेट ऐकण्याची सोय असावी. संगणकातून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा येतो आणि गाणारी अडखळते.

दोन मायक्रोफोनच्या एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. एमपी३ मध्ये आवाज छाटला जातो. ती प्रत नातेवाइकांना पाठवायला ठीक. मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवावी, एक दुसऱ्याच्या घरी.

गाण्याआधी एक मिनिट मुद्रण करून ऐकावे. पंखा बंद करावा. आमच्याकडे पहाटे कोकिळ ओरडतो, म्हणून वेळ दुपारची. शब्बाथ अर्थातच वगळावा.

कोणी म्हणेल, शब्द तर वहीत आहेत. पण जुन्या मराठी गीतपुस्तकांत चालीच्या जागी दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे नाव असते आणि ते गाणेही आता कोणाला येत नाही. चाल राहते ती गळ्यात. डबी पुढच्या वर्षीही दुकानात मिळेल. आपल्या घरात गाणारे कोणी असेल, तर आजच विचारा आणि नाव, गाव, तारीख त्यांच्याच आवाजात आधी बोलून घ्या.