विहीर राहून गेली

दर रविवारी सकाळी सहाला मी इंदूरहून सिमरोलच्या रस्त्याला लागते. सोबत जलरंग, पाण्याची बाटली आणि मांडीवर मावेल एवढा बोर्ड. १९१० साली इंदुरातच जन्मलेल्या, देवळालीकर मास्तरांकडे शिकलेल्या ना. श्री. बेंद्रे यांची निसर्गचित्रं पाहून हा नाद लागला. बांधावर बसून एक कळलं: सावल्या आधी रंगवाव्यात, तासाभरात त्या सरकतात.

गेल्या वर्षी रंगवलेल्या गव्हाच्या शेतात आता प्लॉटचे दगड रोवलेत. ते चित्र तिथल्या आजोबांना दाखवलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "बेटा, कुआं कहां है?"

चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून विहीर मीच गाळली होती. ती अजून बुजवलेली नाही. येत्या रविवारी तीच रंगवणार आहे. येताय?