अंबेजोगाईचे सकलेश्वर आणि ‘हेमाडपंती’ ही संज्ञा

बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई म्हटले की मराठीच्या अभ्यासकास मुकुंदराज व दासोपंत आठवतात. निजामी अमलात मोमिनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावाचे वास्तुशास्त्रीय महत्त्व मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले. महाराष्ट्रातील बहुतेक मध्ययुगीन देवालयांचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो. येथे मात्र शिलालेखच वर्ष सांगतात.

सकलेश्वराचे देऊळ लोकांत ‘बाराखांबी’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्याशी निगडित लेख शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ च्या सुमाराचा आहे. भग्नावस्थेतही टिकून राहिला तो येथील स्तंभयुक्त मंडप, आणि त्याचे कारण त्या काळच्या रचनापद्धतीत आहे. या पद्धतीत कमान नाही व दगड सांधण्यास चुनाही नाही. खांबांवर तुळया ठेवायच्या, तुळयांच्या चौकटीवर कोपरे छेदणाऱ्या शिळा तिरप्या बसवायच्या, आणि अशा थरांनी वरचे छिद्र लहान करीत नेऊन शेवटी एका शिळेने ते झाकायचे. सारा भार सरळ खाली उतरत असल्याने भिंती ढासळल्या तरी खांब व छत उभे राहू शकतात. शिखर पुष्कळदा विटांचे असे, व तेच प्रथम नष्ट होई. २०२४ साली राज्य पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात या परिसरात दोन मंदिरांचे पाये आणि प्राचीन विटा सापडल्या.

अशा बिनचुन्याच्या बांधणीस ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे. हेमाद्री हा महादेव यादवाचा (१२६१–१२७१) व पुढे रामचंद्राचा श्रीकरणाधिप. सकलेश्वराचा लेख महादेवाच्या राज्यारोहणापूर्वी तीसहून अधिक वर्षे कोरला गेला. किंबहुना ही पद्धती चालुक्यकालापासून दख्खनमध्ये रूढ होती. तेव्हा ती हेमाद्रीने काढली, ही लोकसमजूत आंब्याच्या एका लेखानेच बाधित होते. संज्ञा सोयीची आहे. पण तिच्यावरून कालनिर्णय करणे धोक्याचे.

मग येथील मंदिरांमागे कोण होते? आंब्याच्या लेखांत पुढे येतो तो सिंघण यादवाचा ब्राह्मण सेनापती खोलेश्वर. माळवा, गुर्जर इत्यादी देशांवरील त्याच्या विजयांची जंत्री लेखात आहे. ती प्रशस्ती आहे, व प्रशस्तीच्या भाषेला जेवढी सूट द्यावयाची तेवढी द्यावीच लागेल. त्याने वसविलेल्या अग्रहारांपैकी वऱ्हाडातील खोलापूर आजही त्याचे नाव सांगते. रा. गो. भांडारकरांनी आपल्या दख्खनच्या इतिहासात या लेखांचा उपयोग केला.

शके ११६२ (इ. स. १२४०) चा लेख अधिक हृद्य आहे. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातवर चालून गेला आणि नर्मदाकाठच्या युद्धात मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधविले व देवास नाव दिले रामनारायण. संस्थापकाच्या नावापुढे ‘ईश्वर’ जोडून शिवालयाचे नाव ठेवण्याची चाल जुनी. येथे त्याच रीतीने मृत सेनानीचे नाव विष्णूच्या नावात मिळविले आहे. एरवी राजे व मंत्री यांच्या नावांनी भरलेल्या यादवकालीन लेखसंभारात अशा प्रसंगी स्त्रीचे कर्तृत्व स्वतंत्रपणे नोंदलेले दिसावे, याची दखल वास्तूच्या अभ्यासकानेही घ्यावयास हवी.