साठाच्या अलीकडे

जतच्या पूर्वेस, मराठी बोलता बोलता माणसे जिथे नकळत कन्नडात शिरतात त्या मुलखातील एका वस्तीवर गेल्या हिवाळ्यात आप्तांकडे गेलो असता, बाळंतिणीच्या खोलीत एक आशा सेविका सात दिवसांच्या अर्भकाचे दुपटे सारून, हातात घड्याळ धरून, त्याच्या उघड्या पोटाकडे इतक्या एकाग्रतेने पाहत बसलेली दिसली की ओसरीवरील आम्हा पुरुषमंडळींचे बोलणे आपोआप खाली आले. मिनिट सरल्यावर तिने मान वर केली आणि एवढेच म्हणाली, "साठाच्या आत पायजे."

मिनिटाला श्वासांचा हा साठाचा आकडा मला काही केल्या सोडीना. त्याची वाट काढीत गेलो तो गडचिरोलीस पोचलो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तेथे 'सर्च' ही संस्था उभारली आणि न्यूमोनियाने मुले दगावण्याच्या प्रश्नाला हात घातला. 58 गावांत हा रोग ओळखण्याचे व औषध देण्याचे काम निमवैद्यकीय सेवक, गावातील आरोग्यसेवक आणि चक्क दाया यांच्याकडे सोपविले, 44 गावे तुलनेसाठी ठेवली, आणि 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या 612 आजाऱ्यांवर या माणसांनी उपचार केले त्यांत शेकडा 0.8 दगावले, तुलनेच्या गावांत हेच प्रमाण 13.5 होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत आणि मग वैद्यकाच्या पदवीविषयीच्या आपल्या आदराचा पुन्हा एकदा हिशेब करावा.

पण मला मोह पडला तो दायांसाठी केलेल्या साधनाचा. साक्षर नसलेल्या बाईने साठापर्यंत मोजावे कसे? तिला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी दिले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू सरण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत हात पोचला तर तो न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठाची मर्यादा, त्याहून मोठ्याला पन्नासाची, म्हणून मण्यांच्या ओळीही दोन. शास्त्र किती थोडक्या जागेत मावते!

पुढे नवजातांच्या घरगुती शुश्रूषेचा 39 गावांतील प्रयोग 1999 साली त्याच नियतकालिकात आला. तिथल्या आरोग्यदूत स्त्रिया जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकाला घरीच जेंटामायसिनची सुई टोचीत, आणि नवजातांचे मृत्यू शेकडा 62 ने घटल्याचे त्यात नोंदले आहे. 2011 साली केंद्र सरकारने ही पद्धत आशांच्या हाती दिली. मात्र दिली ती सरकारी रीतीने. मोजणे दिले, वजनकाटा दिला, थर्मामीटर दिला, भरावयाचे तक्ते तर भरपूर दिले. सुई तेवढी दिली नाही. ती नर्सबाईंकडे, आणि नर्सबाई उपकेंद्रात. जत तालुक्यात तर वस्त्या रानोमाळ विखुरलेल्या. रात्री वाहन मिळेपर्यंत अर्भकाचा श्वास कोणाच्या हुकमाने थांबून राहणार, हे धोरण ठरविणाऱ्यांनी एकदा येथे मुक्काम करून सांगावे.

बाळ चौदा दिवसांचे झाले तेव्हा मी पुन्हा गेलो. ओव्याच्या धुरीचा वास अंगणापर्यंत आला होता. सुखद म्हणावा असा वास, पण त्या कोंडलेल्या खोलीत डोळे चुरचुरत होते. "आजी, शेगडी जरा भायेर ठेवा की," आशा म्हणाली. आजीने ती नाराजीने उंबऱ्याबाहेर सरकविली.

हात धुणे, ताप, वजन हे झाले. मग मोजणी. बाळ नुकतेच रडले होते. आकडा आला एकसष्ट. आजीचा हात तोंडावर गेला. आशा मात्र हलली नाही. रडलेल्या लेकराचा आकडा धरायचा नसतो, ते शांत झाल्यावर पुन्हा संपूर्ण मिनिट मोजायचे असते. कारण इतकी लहान मुले मध्येच काही क्षण श्वास रोखतात, मग भराभर घेतात, आणि अर्ध्या मिनिटाची दुप्पट करणारा हमखास फसतो. बाळाला आईजवळ दिले. आम्ही वाट पाहिली. मी स्वतःही ओसरीवरून मोजायचा प्रयत्न केला आणि बावीसवर चुकलो.

दुसऱ्या वेळी पोट संथ लयीत वरखाली होत होते. मिनिट सरले. "ऐवत्तेरडु," ती आजीला म्हणाली. बावन्न.

अशा सहा भेटी, बेचाळीस दिवसांत. त्या पुऱ्या झाल्या की केंद्राच्या योजनेप्रमाणे 250 रुपये. टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेल्या बाळंतिणीच्या भेटी मध्येच तुटतात, आणि तुटलेल्या भेटींसाठी तक्त्यात रकाना नसतो, असे ती तक्ता भरता भरता म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, जबाब दिल्यासारखी. पिशवी खांद्याला लावून ती पुढच्या वस्तीकडे निघाली. मी चपला घालीत होतो तोच आजीने शेगडी उचलली, फुंकर मारली, ओव्याची नवी चिमूट टाकली आणि ती आत नेली.