ठरावाची अक्षरं बिघडली तर

बँकेला जुना ठराव हवा असतो आणि आपल्या गटाच्या जुन्या संगणकावर फाईल उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. घाबरून फाईल पुसू नका. मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, बिघाड फॉन्टचा असतो.

श्रीलिपी, कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवतात. फॉन्ट खराब झाला किंवा निघून गेला, की आतलं इंग्रजी उघडं पडतं.

आधी फाईलची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. मजकुरावर क्लिक करून वरच्या चौकटीतलं फॉन्टचं नाव वहीत टिपा. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये तोच फॉन्ट शोधा. तो उघडत नसेल आणि मूळ सीडी हाताशी असेल, तरच काढून टाका. संगणक बंद करून परत सुरू करा आणि फॉन्ट नव्याने बसवा. अक्षरं परतली, की ठराव छापून दप्तरात लावा.

नवे ठराव मात्र युनिकोडमध्येच लिहू या. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून दुसऱ्या संगणकावरही मराठी मराठीच राहते. मंगल हा युनिकोड फॉन्ट विंडोज २००० पासूनच मिळतो. पण जुन्या मजकुराला नुसता मंगल लावून भागत नाही. आधी तो कन्व्हर्टरने बदलावा लागतो.